विमानामागचे बिऱ्हाड

१८८३ सालच्या एप्रिल महिन्यात पुण्यातल्या एका तरुण विधवेने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन, समुद्रपर्यटनाच्या निषेधाला न जुमानता आणि स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिलेला पैसा गाठीला बांधून, मुंबई बंदरातून इंग्लंडकडे प्रयाण केले, ही हकीकत पंडिता रमाबाईंच्या चरित्राशी परिचय असलेल्या वाचकांना ठाऊक आहेच. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन होऊन त्या वेळी जेमतेम चौदा महिने लोटले होते. मुलीचे नाव मनोरमा. सोबतीला आनंदीबाई भगत ही मैत्रीण. आणि मनात हेतू होता तो वैद्यकाच्या अभ्यासाचा, जो पुढे कानांच्या अधूपणामुळे सिद्धीस गेला नाही. या प्रवासाच्या धार्मिक परिणामांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यातली एक लहानशी तजवीज नेहमी विशेष अर्थपूर्ण वाटत आली आहे. इंग्लंडातल्या वाँटेज या गावी सेंट मेरी मठाच्या भगिनींच्या आश्रयाने राहावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात, हिंदुस्थानात कामाला येऊ घातलेल्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावयाचे, असे त्या तजविजीचे स्वरूप होते. याच मठाचे काम पुण्यात, जुन्या वेताळ पेठेतल्या, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतल्या, पंचहौद मिशनात चालत असे. पुण्याहून दूरदेशी गेलेली एक स्त्री दूरदेशाहून पुण्याला निघालेल्या स्त्रियांना मराठीचे धडे देत होती, आणि दोन्ही बाजूंची बिऱ्हाडे एकाच टेबलाशी बसून प्रस्थानाची तयारी करीत होती.

धर्मसेवेसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या कथा आपण ऐकतो त्या बहुधा पोहोचल्यानंतरच्या असतात. त्याआधीची दोन-तीन वर्षे, ज्यांत अर्ज, दाखले, वर्गण्या, व्याकरण, लसी आणि आप्तेष्टांची अबोल नाराजी यांतून एखादे कुटुंब कणाकणाने आपले घर सोडवून घेत असते, ती सहसा कोणी सांगत नाही. ज्या कामात ही पूर्वतयारी सर्वांत दीर्घ आणि सर्वांत काटेकोर असते, ते काम मिशनरी विमानचालनाचे. विमान उडवतो एक माणूस. परंतु ते डोंगरातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे टिकते ते त्याच्या बिऱ्हाडाच्या बळावर, आणि म्हणून या प्रकरणात विमानाइतकाच विचार बिऱ्हाडाचा करावयाचा आहे.

आमच्या महाराष्ट्रात मिशनांना विमानाची निकड कधी भासली नाही, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी १८५८ साली आली, बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला, आणि १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी मिरजेला रुग्णालय उभारले तेव्हा दूरदूरचे रोगी बैलगाडीने आणि आगगाडीने तेथपर्यंत येऊ शकत होते. जेथे लोहमार्ग नाही, गाडीवाट नाही, नदी नौकेच्या उपयोगाची नाही, आणि दोन गावांमध्ये अरण्याची किंवा पर्वताची भिंत उभी आहे, अशा मुलखातच विमान हा चैनीचा विषय न राहता औषधाच्या बाटलीइतका आवश्यक जिन्नस ठरतो.

ही गोष्ट पहिल्या महायुद्धातून बाहेर पडलेल्या काही वैमानिकांना प्रथम उमगली. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे हे त्या युद्धात विमान चालवीत असत. त्यांचे स्नेही फादर ओटो फुऱ्हमान हे आफ्रिकेत मिशनकार्यावर असताना १९२५ साली हिवतापाने गेले, आणि वेळेवर वाहन मिळते तर ते वाचले असते ही रुखरुख शुल्टे यांना स्वस्थ बसू देईना. तिच्यातूनच १९२७ साली मिशनांना मोटारी, नौका आणि विमाने पुरवणारी संस्था जन्माला आली. ऑस्ट्रेलियात प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांना तर ही कल्पना एका अगदी तरुण माणसाच्या पत्रातून मिळाली. क्लिफर्ड पील हा वैद्यकाचा विद्यार्थी सैन्यात विमानचालक झाला होता; ओसाड अंतर्भागात विमानाने वैद्यकीय सेवा कशी चालवता येईल, हे त्याने १९१७ साली फ्लिनना तपशीलवार लिहून पाठवले, आणि पुढच्याच वर्षी तो युद्धात मारला गेला. फ्लिन यांनी ते पत्र दफ्तरात पडू दिले नाही. १९२८ सालच्या मे महिन्यात क्लॉनकरी येथून त्यांच्या वैद्यकीय विमानाचे पहिले उड्डाण झाले, आणि लगेच दुसऱ्या वर्षी अल्फ्रेड ट्रेगर यांनी पायांनी चालवावयाच्या विद्युतजनित्रावरचे बिनतारी यंत्र सिद्ध केले. सायकलचे पायडे मारावेत तसे पाय चालवावयाचे आणि हातांनी संदेश पाठवावयाचा, अशी त्याची रचना होती. शेकडो मैलांवर एकटे राहणारे कुटुंब त्या यंत्राने वैद्याशी जोडले गेले. ते यंत्र बाहेरच्या मुलखात बहुतेक ठिकाणी घरातली बाईच चालवीत असे, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले असता अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथल्या ख्रिस्ती वैमानिकांच्या मनात एकाच सुमारास तोच विचार आला. १९४५ साली अमेरिकेत मिशन एव्हिएशन फेलोशिप या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली संस्था स्थापन झाली, आणि तिचे पहिले उड्डाण १९४६ सालच्या फेब्रुवारीत एका स्त्रीने केले. तिचे नाव बेटी ग्रीन. युद्धकाळात तिने सैन्याची विमाने चालवली होती. आता एका लाल, दुपंखी वाको विमानातून ती बायबलच्या भाषांतरकारांना मेक्सिकोत घेऊन गेली. ब्रिटनमधून जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघे १९४८ सालच्या जानेवारीत एका लहान लाकडी विमानाने आफ्रिकेच्या पाहणीला निघाले. त्याच वर्षी बुरुंडीच्या डोंगरात ते विमान कोसळले, दोघे जिवंत वाचले, आणि त्यांचे काम सुटले नाही. न्यू गिनीत हॅरी हार्टविग यांना मात्र १९५१ साली त्याच कामात प्राण गमवावे लागले.

आता विमानाकडे वळू. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातली एखादी गवताळ पट्टी चार-पाचशे मीटरांची असते, आणि तीही सपाट असेलच असे नाही. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला कडा, आणि मधली जमीन छपरासारखी उतरती. अशा पट्टीवर चढाच्या दिशेने उतरावयाचे, म्हणजे वेग आपोआप मोडतो. आणि उताराच्या दिशेने निघावयाचे, म्हणजे वेग आपोआप वाढतो. सोय मोठी नामी, परंतु तिची किंमतही तशीच. उतरताना एक ठराविक जागा ओलांडली की वैमानिकाला बेत बदलता येत नाही, कारण समोरचा कडा विमानाच्या चढण्याच्या शक्तीपेक्षा अधिक वेगाने वर येत असतो. ती जागा कोणती, हे प्रत्येक पट्टीगणिक निराळे. आणि नव्या वैमानिकाला अनुभवी माणसाच्या शेजारी बसून एकेक पट्टी तोंडपाठ करावी लागते, जसा गवयाच्या घरी शिष्य एकेक चीज घोटतो.

यात भर पडते ती हवेच्या विरळपणाची. हवा तापली की विरळ होते आणि उंचावर गेले की आणखी विरळ होते, एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. पण त्याचा हिशेब मांडला म्हणजे खरा अर्थ कळतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एप्रिलमधल्या अडतीस अंशांच्या दुपारी येथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेहून सुमारे तेरा टक्के हलकी झालेली असते. न्यू गिनीतल्या माउंट हेगन या शहराची उंची सुमारे १,६४० मीटर. तेथे पंचवीस अंशांच्या सुखद दिवशीही ही घट वीस टक्क्यांपर्यंत पोहोचते. पंखाला उचलणारी हवा कमी, पंख्याला रेटण्याची हवा कमी, आणि इंजिनाला श्वास घ्यावयाची हवाही कमी, असा हा तिहेरी तोटा असतो. म्हणून भार कमी करावा लागतो. सेस्ना २०६ या सहा आसनी विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन १,६३३ किलोंपेक्षा अधिक असून चालत नाही; त्यातले हजारभर किलो विमानाचे स्वतःचे, दोन-तीन तासांचे इंधन शंभर ते सव्वाशे किलो, वैमानिक पाऊणशे; उरले चारशेहून थोडे अधिक किलो, आणि उंचावरच्या आखूड पट्टीवर त्यातलेही कित्येक सोडून द्यावे लागतात. तेथे प्रत्येक प्रवासी काट्यावर उभा राहतो, प्रत्येक रताळ्यांची गोणी काट्यावर चढते, आणि अंगावरच्या बाळाचेही वजन कागदावर लिहिले जाते. यात संकोच कोणालाच वाटत नाही. सकाळी लवकर निघावयाचे, कारण दुपारपर्यंत खिंडी ढगांनी बंद होतात. आणि दोन-तीन दिवसांची पायपीट पंधरा-वीस मिनिटांत उरकून एखाद्या अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात पोहोचवावयाचे, हे तेथले नित्याचे काम. त्या देशाच्या टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालुस’ म्हणतात, आणि बालुस म्हणजे मुळात पारवा.

अशा कामाला निघण्याचा विचार पुण्यातल्या एखाद्या तरुण मराठी ख्रिस्ती जोडप्याच्या मनात आला, तर त्याला काय काय करावे लागेल, याचे चित्र आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणू. हे कुटुंब मी कल्पिलेले आहे; त्याच्यापुढची कामे मात्र खरी आहेत.

प्रथम विद्या. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते. परंतु मिशनरी विमानसंस्थांना एवढ्याने भागत नाही, कारण ज्या मुलखात वाट दाखवणारे केंद्र नाही आणि शेजारी दुरुस्तीचा कारखाना नाही, तेथे वैमानिक हाच अनेकदा यंत्रज्ञही असावा लागतो. सकाळी ज्या विमानाने रोगी आणला, त्याचेच झाकण काढून संध्याकाळी ठिणगीचे प्लग साफ करावयाचे, ही त्याची दिनचर्या. म्हणून उड्डाणाबरोबरच इंजिन आणि सांगाडा यांच्या दुरुस्तीचे शिक्षण घेतलेले माणूस या संस्थांना हवे असते. यात तीन-चार वर्षे जातात, आणि ती जातात तीही ज्या वयात मित्रमंडळी स्थिरस्थावर होऊन घराचे हप्ते फेडू लागलेली असतात त्या वयात. मोठ्या विमानकंपनीत मिळणाऱ्या पगाराकडे पाठ फिरवावयाची तर ती परवाना हातात आल्यानंतर फिरवावी लागते, म्हणजे मोह नेमका समोर उभा असताना. मला या त्यागाची थोरवी येथे वाटते.

मग पैसा. बहुतेक मिशनरी कुटुंबांना ठरलेला पगार नसतो. ओळखीच्या मंडळ्या, नातलग, मित्र यांच्याकडून दरमहा अमुक वर्गणीचे वचन घेऊन त्या वचनांची बेरीज कुटुंबाच्या खर्चाइतकी होईपर्यंत रवानगीला मंजुरी मिळत नाही. रविवारची उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांच्या परवानगीने दहा मिनिटे उभे राहावयाचे, चित्रे दाखवावयाची, आणि नंतर देवालयाच्या पायरीवर चहा घेताना एखाद्या निवृत्त शिक्षिकेने पर्समधून काढलेली पन्नासाची नोट दोन्ही हातांनी स्वीकारावयाची. हा प्रसंग अपमानाचा नाही. तरीही स्वाभिमानी माणसाला तो सहज जमत नाही, आणि तो जमवून घेणे हाही तयारीचाच एक धडा मानला जातो.

त्यानंतर कागद. पासपोर्ट, महानगरपालिकेतून मुलांचे जन्मदाखले, विवाहनोंदणीचा दाखला, पोलीस पडताळणी, शिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य सरकारचे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के. आफ्रिकेत जावयाचे असेल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी, आणि तीही नऊ महिन्यांहून लहान बाळाला सहसा देत नाहीत. पूर्वी या लसीचा दाखला दहा वर्षांनी बाद होई. २०१६ पासून तो आजन्म ग्राह्य धरला जातो. परत येताना तो जवळ नसेल तर आपलेच सरकार प्रवाशाला विलगीकरणात ठेवते, तेव्हा तो पासपोर्टाइतकाच जपावा लागतो.

आणि भाषा! येथे मला जरा रेंगाळू द्यावे, कारण तयारीच्या साऱ्या खटाटोपात एवढा आनंदाचा भाग दुसरा नाही. समजा, या कुटुंबाची नेमणूक इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात झाली. तेथे विमानाच्या कामाला हात लावण्यापूर्वी कित्येक महिने इंडोनेशियन भाषा शिकण्यात घालवावे लागतात, आणि पतीपत्नी दोघांनाही. कारण वैमानिकाला आकाशात जेवढे बोलावे लागते, त्याच्या अनेकपट त्याच्या बायकोला बाजारात, दवाखान्यात आणि दारी आलेल्या माणसाशी बोलावे लागते. पुण्याहून गेलेल्या विद्यार्थिनीला पहिल्याच धड्यात कळते की त्या भाषेत भाषेला ‘बहासा’ म्हणतात, अंतराळाला ‘अंगकासा’, आणि पत्नीला ‘इस्त्री’, म्हणजे आपली स्त्रीच. कुटुंबाला ‘कलुआर्गा’ म्हणतात, ज्याच्या पोटात आपले कुल आणि वर्ग हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. विमानतळाला ‘बांदारा’ म्हणतात, म्हणजे हवेचे बंदर. आणि ते बंदर फारसीतून जसे आपल्या कोकणकिनाऱ्यावर आले, तसेच तिकडेही गेले. देवालय म्हणजे ‘गरेजा’. पोर्तुगीजांनी आपल्याला गिरजाघर दिले त्याच शब्दाचे हे भावंड. दर्यावर्दी, भिक्षू, सौदागर आणि पाद्री या मार्गाने आधीच जाऊन आलेले आहेत, आणि त्यांच्या खुणा शब्दांत राहिल्या आहेत, हे परक्या मुलखात पहिल्या आठवड्यात उमगणे म्हणजे अनोळखी गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटण्यासारखे आहे. पण सोपे शब्द संपतात, आणि मग वर्षभर रोज तोंडघशी पडावे लागते. इंग्लंड-अमेरिकेतून महाराष्ट्रात आलेल्या मिशनरी कुटुंबांनी आपल्या लिंगांच्या आणि विभक्त्यांच्या जंजाळात हीच तपश्चर्या केली होती. तो दगड पुरुष, ती वीट स्त्री आणि ते घर नपुंसक का, याचे उत्तर त्यांना कोणीच देऊ शकत नव्हते.

सरतेशेवटी घर आवरण्याचा दिवस येतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो; वैमानिकाचे बिऱ्हाड पंखाखाली मावावे लागते, आणि तेही वजन करून. लोखंडी कपाट थोरल्या भावाकडे, पलंग शेजाऱ्यांकडे, आणि जे कोणालाच नको ते बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. पुस्तके निवडताना नवरा अडून बसतो, भांडी निवडताना बायको. मला विचाराल तर कुकर मुळीच सोडू नये, आणि त्याच्या जादा रिंगा व शिट्ट्या विमानाच्या सुट्या भागांइतक्याच काळजीने बांधून घ्याव्यात. कारण जी विरळ हवा पंखाची ताकद काढून घेते, तीच डाळीचाही घात करते. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते, तर सोळाशे मीटरांवर ते साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्याहून अधिक ते तापत नाही, आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास बोटचेपी होत नाही. कुकरचे झाकण लावले की आतला दाब वाढतो, उकळबिंदू वर चढतो, आणि तिसऱ्या शिट्टीला वरणाचा वास दरवळतो. उंच मुलखात गेलेल्या बाईला हवेच्या घनतेचा धडा तिच्या नवऱ्याइतकाच नीट समजतो, फक्त तो ती स्वयंपाकघरात शिकते.

आजी-आजोबांचे काय करावे, याचे उत्तर मात्र कोणत्याही संस्थेच्या नियमावलीत सापडत नाही. नातवंडे दूर जाणार याचे दुःख ते बोलून दाखवीत नाहीत. दर संध्याकाळी ती नवी भाषा नातवाकडून वदवून घेतात आणि चुकीचे शब्द पाठ करून बसतात.

हे सारे सोसून कुटुंब तिकडे पोहोचले म्हणजे बिऱ्हाडाचा कारभार कसा चालतो, याचे सर्वांत परिचित उदाहरण इक्वाडोरमधल्या शेल मेरा या ठाण्याचे. नेट सेंट आणि मार्ज सेंट हे तरुण अमेरिकन जोडपे १९४८ साली तेथे आले. अँडीज पर्वत जेथे संपतो आणि अमेझॉनचे अरण्य सुरू होते, त्या सीमेवर त्यांनी लाकडी घर बांधले आणि विमानाचा निवारा उभारला. नेट हा मोठा कल्पक यंत्रज्ञ होता. इंधनाचा प्रवाह तुटला तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याने स्वयंपाकाच्या तेलाच्या डब्यावर प्रयोग करून एक पर्यायी इंधनव्यवस्था तयार केली. जेथे उतरण्यास जागाच नाही तेथे वस्तू पोहोचवण्यासाठी त्याने आणखी एक युक्ती शोधली: विमानाने आकाशात घट्ट वळणे घेत राहावयाचे आणि लांबच लांब दोरीला बांधलेली बादली सोडावयाची. गोफणीत दगड बाहेर फेकला जातो. येथे हवेचा विरोध आणि बादलीचे वजन यांमुळे दोरीचे टोक उलट वर्तुळाच्या मध्याकडे ओढले जाते, आणि ती बादली जमिनीवरच्या माणसाच्या हाताशी जवळजवळ स्थिर तरंगत राहते. १९५५ साली याच बादलीतून अरण्यातल्या वाओरानी लोकांना भेटी गेल्या, आणि एके दिवशी त्यांनी परतभेट म्हणून एक जिवंत पोपट वर पाठवला. तो नेटच्या मुलाचा लाडका झाला.

पण शेल मेराच्या ठाण्याचा कणा होती ती मार्ज. विमान वर गेले की ती बिनतारी यंत्राशी बसे. कोठून निघाले, कोठे उतरले, कोणत्या खिंडीत ढग आहेत, कोणत्या ठाण्याला कोणते औषध हवे आहे, याचा माग ठेवी. आणि मधल्या वेळात तीन मुले, येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांची जेवणे आणि अरण्यातल्या ठाण्यांना पाठवावयाच्या सामानाची बांधाबांध. नवऱ्याचे विमान आकाशात असताना घरातला एक कान त्या यंत्राकडे लागलेला असे. १९५६ सालच्या ८ जानेवारीला, रविवारी, वाओरानींना भेटावयास उतरलेल्या नेटने कुरारे नदीच्या वाळूवरून दुपारी बोलताना साडेचारला पुन्हा बोलेन असे सांगितले. साडेचार वाजले, यंत्रातून काही आले नाही. नेट आणि त्याचे चार सोबती वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले होते. दुसऱ्या दिवशी शोधाला गेलेल्या वैमानिकाला वाळूवर विमान दिसले, त्याच्यावरचे कापड ओरबाडून काढलेले. मार्जने इक्वाडोर लगेच सोडले नाही. पुढे क्विटोला तिने मिशनरींचे पाहुणेघर चालवले.

त्या पाच मृत्यूंनंतर एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे आणि तो विचारला जाणे योग्यच आहे: ज्या लोकांनी बोलावले नाही त्यांच्या अरण्यात जाण्याचा अधिकार कोणाला? या विमानांच्या पोटात औषधाबरोबर धर्मग्रंथही असतो, ही गोष्ट ती उडवणाऱ्यांनी कधी लपवलेली नाही. मला असे वाटते की तापाने फणफणलेल्या मुलाला रुग्णालयात नेताना त्याच्या बापाला धर्म विचारला जात नसेल, तर त्या उड्डाणाला मनापासून नमस्कार करावा. आणि जेथे तसे घडत नसेल तेथे ते स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता आल्या पाहिजेत.

अलीकडे या कामाची साधने पालटली. पेट्रोलचे पिंप अरण्यात मिळेनासे आणि महाग झाले, म्हणून केरोसिनजन्य इंधनावर चालणारी विमाने आली. त्यातले कोडियाक हे विमान तर मिशनांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवूनच अमेरिकेत रचले गेले, आणि पूर्ण भार घेऊन ते हजार फुटांच्या आत जमीन सोडते. उपग्रहाच्या साह्याने विमानाचा ठिपका पडद्यावर सरकताना दिसतो. तरी वैमानिकाच्या घरी दुपारी ढग चढू लागले की कोणीतरी खिडकीशी जाऊन उभे राहतेच.

मुलांचे पुढे काय होते, हा आईबापांच्या छातीवरचा खरा दगड. ज्या वयात घर म्हणजे काय ते ठरते, त्या वयात त्यांना घर बदलावे लागते. ऐंशी वर्षांपूर्वी अहमदनगरच्या अमेरिकन मुलांना कोडाईकॅनालच्या शाळेत धाडीत. आज पापुआत आणि न्यू गिनीत अशाच शाळा आहेत. आणि मनोरमा? तिच्या आईने वाँटेजलाही शाकाहार सोडला नाही, मुलीच्या संगोपनावरून मठाशी वाद घातला, वेळप्रसंगी तिला तेथेच भगिनींच्या स्वाधीन ठेवून स्वतः अमेरिकेत व्याख्याने दिली. पुढे ती मुलगी महाराष्ट्रात परतून आईच्या संस्थांत तिची उजवी बाजू झाली, आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, मिरजेच्या त्याच रुग्णालयात वारली. पण वाँटेजच्या त्या पहिल्या दिवसांत रमाबाईंच्या आणि तिच्या जबाबदारीचा भार ज्या भगिनी जेराल्डीन यांच्यावर पडला, त्यांना या मायलेकींनी एक नाव दिले होते. रमाबाईंच्या पत्रांच्या मायन्यात ते वाचावयास मिळते. मठाच्या पायघोळ झग्यातल्या त्या इंग्लिश बाईला त्या ‘आजीबाई’ म्हणत.